लक्ष्मणच्या विमानाची डावी पट्टी

लक्ष्मण गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. फोन त्याच्या धाकट्या भावाचा, सखारामचा. सखाराम एरवी मिस कॉल देऊन ठेवतो आणि आपण फोन करायची वाट बघतो. त्या दिवशी रिंग थांबेचना, म्हणून व्हरांड्यात येऊन फोन कानाला लावला. "मास्तर... दादा गेला," एवढंच तो बोलला. मी काय केलं, तर मान वर करून आभाळाकडं पाहिलं. लख्ख ऊन होतं, कुठं काही नव्हतं. लक्ष्मण विमान उडवायचं सोडून साडेतीन-चार वर्षं झाली होती, हे मला का ठाऊक नव्हतं? पण त्याच्या मरणाची बातमी आभाळातूनच येणार ही भीती मी इतकी वर्षं सांभाळली होती, की ती जमिनीवरून आली तेव्हा मला खरीच वाटेना. नंतर कळलं ते एवढंच: मेंढरांच्या वाड्याशेजारी लक्ष्मण बाजेवर बसला होता, छातीत कळ आली म्हणाला, पाणी मागितलं... वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. आता महिना होऊन गेला. कुणी तरी लिही म्हणालं, म्हणून लिहितोय. पण लिहायचं म्हणजे त्या एका दिवसाचं लिहावं लागणार, आणि तो दिवस आठवला की आजही मी पेन खाली ठेवतो.

लक्ष्मण माझा पाचवीपासूनचा सोबती. त्याचं घर मेंढपाळाचं, धारूरच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला. वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं रानोमाळ असायचे आणि लक्ष्मण आईजवळ राहून शाळेत यायचा. मी भित्रा. किल्ल्याच्या तटावर सगळी पोरं चढून बसायची, मी खाली दगडाला पाठ लावून उभा. लक्ष्मण तटाच्या अगदी कडेला पाय सोडून बसायचा आणि वरून ओरडायचा, "ये की बे, काय खातंय का आभाळ?" मी काही गेलो नाही. पुढं तो मामाकडं बीडला शिकायला गेला, तिथून फौजेत, आणि फौजेत असताना विमानं उडवायला लागला. हे गावात कुणालाच धड कळलं नव्हतं. त्याच्या वडिलांना लोक विचारायचे, पोरगं काय करतं? ते सांगायचे, "ड्रायवर हाय, वरच्या गाडीवर." फौज सुटल्यावर त्यानं कितीतरी वर्षं तिकडं पूर्वेच्या डोंगरांत काढली. एका खासगी कंपनीची बारकी विमानं होती, रस्ता नसलेल्या गावांना तांदूळ, औषधं, आजारी माणसं पोचवणारी. सुट्टीवर आला की तो तिथल्या धावपट्ट्यांची वर्णनं करायचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मधी दोन घोंगड्या अंथरल्यावानी जागा. मी ऐकायचो आणि मग तो परत गेल्यावर पहाटेचा फोन वाजला की घोटभर चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही.

तर असा हा माणूस पन्नाशीच्या पुढं आपल्याच माळावर विमान घेऊन उतरला. जमिनीखालचं पाणी शोधायला एका सर्व्हे कंपनीनं आमचा सगळा बालाघाट वरून तपासायचं काम घेतलं होतं. त्यासाठी खालून आणि अगदी हळू उडणारं विमान लागायचं, आणि तसलं विमान चालवणारा त्यांना लक्ष्मण मिळाला. धारूरबाहेरच्या एका उजाड माळावर मुरूम दाबून त्यांनी लहानशी पट्टी केली. पहिले काही दिवस लोक जत्रेला यावेत तसे यायचे. नांदूरघाटाकडून जीपगाड्या भरभरून माणसं आली. नंतर सवय झाली. वावरात खुरपणाऱ्या बाया विमान डोक्यावरून गेलं तरी मान वर करीनाशा झाल्या. मी मात्र कधी जवळ गेलो नव्हतो. शेवटी एका रविवारी लक्ष्मणनंच मला जीपमध्ये घातलं.

माळाकडं जाताना त्यानं गाडी जोरात सोडली आणि म्हणाला, "हात बाहेर काढ, मास्तर. तळवा खाली. आडवा धर." मी धरला. "आता फुडची बाजू उचल, हळूहळू." बोटं जराशी वर केली तसा हात आपोआप उचलला जाऊ लागला. मजा वाटली. "अजून उचल... अजून." आणि एकदम हाताला धरून असलेलं काही तरी निसटलं. हात थडथडला आणि मागं फेकला गेला. "सुटलं बघ," तो म्हणाला. "पंखाचं बी तेच. हळू जायचं तर नाक वर धरावं लागतंय. नाक लई वर गेलं की पंखाच्या पाठीवरचं वारं सुटतंय. एकदा वारं सुटलं की ते विमान न्हाई, दगड हाय."

माळावर त्यानं मला विमानाच्या पंखापाशी नेलं. पंखाच्या पुढच्या कडेला, लांबीभर, एक अरुंद पत्र्याची पट्टी होती. तो तिला स्लॅट म्हणायचा, माळावरची माणसं नुसती पट्टी म्हणायची. त्यानं तळव्यानं दाबली तर ती आत जाऊन पंखाला चिकटून बसली. हात काढला तशी सुळकन पुढं आली आणि पंख आणि पट्टी यांच्यामध्ये चार बोटं जातील एवढी फट पडली. "वेगात असलो की वारंच हिला दाबून ठेवतंय," तो सांगू लागला. त्याचा आवाज अशा वेळी मऊ व्हायचा. "हळू झालो, नाक वर केलं, की ही आपली आपण फुडं येती. मग खालचं वारं ह्या फटीतनं जोरात वर निघतंय अन् पाठीवरच्या वाऱ्याला सुटू देत न्हाई, धरून ठेवतंय. म्हणून तर सायकलीवानी हळू येतो अन् एवढ्याशा जाग्यात थांबतो. नसती ही, तर ह्या माळाच्या चौपट माळ लागला असता." मी आपला भित्र्या माणसाचा प्रश्न विचारला. दोन पंखांना दोन पट्ट्या. त्यातली एकच उघडली तर? मला वाटलं हसेल. तो हसला नाही. खिशातला रुमाल काढून त्यानं फटीतली धूळ पुसली आणि म्हणाला, "मग एक पंख धरतंय अन् दुसरं सोडतंय. सोडलेल्या अंगाला विमान उलटतंय. वर आसलो तर सावरता येतंय. जमीन जवळ आसली तर... न्हाई."

त्यानंतर दीडेक महिन्यातली गोष्ट. परतीचा पाऊस असा लागला होता की चार दिवस सूर्य दिसला नव्हता. माझी मुलगी गौरी तेव्हा बारावीला होती. घरात दमट उकाडा म्हणून ती फरशीवर चटई टाकून झोपली होती. सकाळी उठली ती पोटात दुखतंय म्हणत. मग म्हणाली, "बाबा, मला सगळं दोन-दोन दिसतंय." मी तिच्याकडं पाहिलं तर तिच्या पापण्या खाली येत होत्या, ती त्या उघडायला बघत होती आणि उघडत नव्हत्या. अंगावर कुठं जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं. "मण्यार चावली असणार. झोपेत कळतही नाही." त्यांनी लगेच औषध सुरू केलं. पण गौरीची जीभ जड झाली, मान सावरेना, आणि थोड्या वेळात तिची छाती हलायची ती इतकी थोडी हलू लागली की मी हात ठेवून बघत होतो. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "विषाचं औषध लागू पडायला वेळ लागतो. तोवर तिला श्वास द्यावा लागेल. व्हेंटिलेटर पाहिजे. आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला." ॲम्ब्युलन्स निघाली आणि परत आली. खालच्या रस्त्याचा पूल पाण्याखाली, घाटाच्या बाजूला दरड. माझी बायको शैला दवाखान्याच्या भिंतीला धरून उभी होती. तिचे नुसते ओठ हलत होते.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. लक्ष्मण मोटरसायकलवर भिजत आला, आत डोकावून गौरीकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "माळावर आण तिला." मला काही समजेना. तो डॉक्टरीणबाईंशी बोलत होता. अंबाजोगाईच्या बाहेर नव्या रस्त्याचं काम चाललंय, मधला एक सरळ तुकडा दाबून तयार झालाय, मी वरून रोज बघतो, तिथं ॲम्ब्युलन्स उभी करायला सांगा. बाईंनी विचारलं, "परवानगी?" तो म्हणाला, "ते मी बगतो." मी त्याचा दंड धरला. "लक्ष्मण, ह्या पावसात... मला भीती वाटते रे." तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "मग काय हितं बसून बगायचं का बे?"

माळावर सखाराम आणि आणखी दोघा-तिघांनी विमानातली सर्व्हेची यंत्रं, खुर्ची, सगळं उपसून बाहेर काढलं होतं. मोकळ्या जागेत गादी टाकून गौरीला निजवलं. दवाखान्यातल्या निर्मला सिस्टर तिच्या उशाशी बसल्या. पन्नाशीच्या बाई, आयुष्यात कधी विमानाला हात लावलेला नाही. तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी एका लयीत दाबत होत्या, त्या पिशवीतनं जाईल तेवढाच गौरीचा श्वास. शैलाही चढायला लागली तर लक्ष्मणनं हात आडवा केला. "वयनी, वजन वाडंल. जमीन वली हाय." ती तशीच मागं सरकली. पावसात उभ्या असलेल्या तिच्याकडं मला खिडकीतून बघवेना. मी गौरीचे गार पडलेले पाय मांडीवर घेऊन बसलो. माझ्या डाव्या हाताला खिडकी होती आणि खिडकीतून डावा पंख.

विमान पळायला लागलं तसा चाकांनी उडवलेला लाल चिखल खिडकीवर फटाफटा बसू लागला. आता काही जमीन सुटत नाही, आता पुढचा ओढा येणार, असं वाटेपर्यंत ते चिखलातून धडपडत होतं, आणि मग एकाएकी खालचा खडखडाट थांबला. मी डोळे गच्च मिटून गौरीच्या कानाशी वाकलो आणि बोलत राहिलो, घाबरू नको गौरी, काही होत नाही, बाबा आहे इथं, घाबरू नको. तिचा चेहरा मेणासारखा. डोळे बंद. ती तिथं आहे की नाही, हेच मला कळत नव्हतं.

थोड्या वेळानं इंजिनचा आवाज खाली आला. लक्ष्मण म्हणाला, "धरून बसा. उतरायच्या आदी हळू करून बगतो." विमानाचं नाक उचललं गेलं, वेग कमी होत गेला, सगळं विचित्र शांत झालं. मी पंखाकडं पाहिलं. पट्टीच्या कडेनं लाल चिखल लिंपल्यासारखा भरला होता. मी वाट बघत होतो ती पुढं येण्याची. ती आली नाही. लक्ष्मणनं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, आणि तेवढ्यात डावा पंख खालून कुणी ओढल्यासारखा गेला. जमीन माझ्या खिडकीत उभी राहिली... झाडं, एक विहीर, कुणाचं तरी पत्र्याचं घर, सगळं माझ्याकडं येत होतं. माझ्या तोंडून कसला आवाज निघाला मला माहीत नाही. निर्मला सिस्टर एका खांद्यानं पत्र्यावर आपटल्या, पण त्यांनी मास्क सोडला नाही. लक्ष्मणनं नाक खाली टाकलं, इंजिन ओरडलं आणि विमान सावरलं. पुन्हा सरळ. त्याच्या मानेवरची शीर तेवढी उडताना मला दिसत होती.

"डावी अडकली," शेवटी तो म्हणाला. मग तसाच समोर बघत त्यानं सांगितलं. लातूरला लांब धावपट्टी आहे, तिथं पट्ट्यांशिवाय वेगात उतरता येईल. पण तिकडं जायला वेळ लागणार, आणि तिथून पुन्हा दवाखाना. इथं रस्त्याच्या तुकड्यावर उतरायचं तर हळूच उतरावं लागेल, आणि हळू उतरायचं तर दोन्ही पट्ट्या पाहिजेत. त्यानं मागं न बघता विचारलं, "सिस्टर, किती दम निघंल?" निर्मला सिस्टरांच्या कपाळावरून घाम गळत होता. पिशवी दाबत त्या म्हणाल्या, "माझा निघंल वो. हिचा न्हाई सांगता येत. ओठ बगा की." गौरीचे ओठ निळसर झाले होते. मग लक्ष्मणनं मला विचारलं, "मास्तर, तू सांग." आजही मला तो प्रश्न ऐकू येतो. मी काय सांगणार होतो? मुलीचे पाय धरून, तोंड वासून मी त्याच्या पाठीकडं बघत राहिलो. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "बरं. राहू दे."

आमच्या उजव्या अंगाला एक काळी सर कोसळत होती. आतापर्यंत तो तिला टाळून चालला होता. आता त्यानं विमान सरळ तिच्यात घातलं. काचेवर पाणी असं आपटलं की पुढचं काही दिसेना. विमान उचलून आपटल्यासारखं होत होतं. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मग पंखाकडं बघितलं तेव्हा कळलं. पट्टीवरचा चिखल धारा लागून मागं वाहत होता, लाल ओहोळ पंखावरून पळत होते. तो तिला धुवून काढत होता. सरीतून बाहेर आल्यावर त्यानं पुन्हा वर चढवलं, पुन्हा वेग तोडला, पुन्हा नाक उचललं. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिलो. पंख पुन्हा खाली ढासळायला लागला. पुन्हा ती जमीन खिडकीत यायला लागली... आणि "खट्ट" असा आवाज झाला. पट्टी पुढं आली. फट पडली. ढासळणारा पंख कुणी खांद्यावर घेतल्यासारखा थांबला आणि सरळ झाला. लक्ष्मणनं फुफ्फुसं रिकामी होईपर्यंत श्वास सोडला. तो मला इंजिनच्या आवाजातूनही ऐकू आला.

नंतरचं उतरणं मला तुटक तुटक आठवतं. दोन्ही बाजूंना मुरमाचे ढीग, पुढं उभा केलेला रोलर. आम्ही इतके हळू खाली येत होतो की रस्त्यावरचे मजूर पळताना त्यांचे चेहरे दिसत होते. चाकं टेकली, ब्रेक लागले, आणि रोलरच्या बऱ्याच अलीकडं विमान थांबलं. ॲम्ब्युलन्स ढिगांच्या पलीकडं अडकली होती. मी उडी मारून तिकडं धावलो. मागून निर्मला सिस्टरही स्ट्रेचर घ्यायला उतरल्या. मी वळून पाहिलं तेव्हा लक्ष्मण गौरीच्या उशाशी गुडघ्यांवर बसून ती रबरी पिशवी दाबत होता. मग माणसं आली, गौरीला नेलं, आणि मी तिच्याबरोबर गेलो. त्याला एक शब्द बोललो नाही.

गौरी वाचली. बरेच दिवस मशीनवर होती, मग एके दिवशी तिनं बोट हलवलं, मग पापणी उघडली. लक्ष्मणची मात्र चौकशी लागली. परवानगी नसताना माणसं नेली, परवानगी नसलेल्या जागी उतरवलं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यानं काहीच झाकलं नाही. त्याचं लायसन काही महिने अडकून पडलं. ते परत मिळालं तोपर्यंत सर्व्हे संपला होता, विमान दुसऱ्या कुणीतरी उडवत नेलं होतं. मग तो मेंढरांत रमला. दुसऱ्या कंपन्यांनी बोलावलं, गेला नाही. आम्ही समजलो, आता वय झालं, दमला असेल.

त्याची माझी शेवटची भेट तो जायच्या पंधरवड्याआधीची. वाड्याजवळ बाजेवर बसून आम्ही चहा पीत होतो. मी इतक्या वर्षांनी विचारलं, "कावून सोडलंस रे उडवायचं?" त्यानं कप खाली ठेवला. "भ्या बसलं, मास्तर." मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. "लायसन आल्यावर गेलतो एकदा लातूरला. एकाच्या विमानात बसलो. पंखाकडं बगितलं अन् दांड्यावर हात ठेवला. धरवंना काही. उतरून आलो." मी विचारलं, "त्या दिवसामुळं?" तर म्हणाला, "हां. पण त्या दिवशी न्हाई बरं का. त्या दिवशी मला भ्या-बिया काही न्हवतं. हात कसे थिर होते. ते मागनं बसलं." मी मान हलवली. मला ते पटलंही. तटावर पाय सोडून बसणारा पोरगा होता तो. मी मनात म्हटलं, बरं झालं, आम्हा तिघांच्यात एक तरी न घाबरलेला होता, म्हणून आज गौरी आहे.

तो गेल्यावर गौरी बीडहून आली. ती तिथं नर्सिंग शिकते. दहाव्याचं सगळं आटोपून आम्ही घरी आलो, ती माझ्यासमोर ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला एक सांगितलं नाही. काकांनी सांगू नको म्हणून शपथ घातली होती." मण्यारीच्या विषानं माणूस हलत नाही, बोलत नाही, डोळा उघडत नाही... पण पुष्कळदा आतून जागा असतो. हे मला तिनंच सांगितलं. ती जागी होती. माळापासून रस्त्यापर्यंत सगळं तिनं ऐकलं होतं. माझं ओरडणं, सिस्टरांचं "ओठ बगा", इंजिनाचं बंद पडल्यासारखं होणं. अंधारात. बोटसुद्धा न हलवता. मी त्या दिवसाची भीती इतकी वर्षं माझीच समजत होतो. आमच्या सगळ्यांची एकत्र केली तरी हिच्याएवढी झाली नसती.

"तुम्ही सारखं घाबरू नको, घाबरू नको म्हणत होतात," ती म्हणाली. "आणि तुमचा आवाज असा होता ना बाबा, की मला कळत होतं, आपण मरणार. मग विमान थांबलं, तुम्ही सगळे उतरलात. काका जवळ आले. पिशवी त्यांच्याकडं होती. ते दाबायचे तेव्हा म्हणायचे, घे... सोडायचे तेव्हा म्हणायचे, सोड. घे पोरी... सोड. आणि मधेच रडायला लागले. म्हणाले, लई भ्यालो गं मी. दोनदा वाटलं, संपलो. अजून भ्या वाटतंय. पण तू घे. मी बी घेतो... घे, सोड." गौरी थांबली. "मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. त्या अंधारात माझ्याबरोबर कुणीतरी होतं."

बरी झाल्यावर तिनं त्याला हे सांगितलं होतं. तो आधी लाजला, मग म्हणाला होता, "तुज्या बापाला सांगू नको. त्याला वाटतंय मी भ्यालो न्हवतो. त्येला तेवढा आधार असू दे."

आत शैला भांडी घासता घासता थांबली होती, तिनंही ऐकलं असावं. गौरी म्हणाली, वॉर्डात पहिल्यांदा तिच्यासमोर पेशंटचा श्वास अडकला तेव्हा ती घाबरली, पण हात चालू लागले, काकांच्याच लयीत. आता रोजच तसं होतं. हे सांगताना तिची उजवी मूठ मांडीवर आपोआप मिटत होती, उघडत होती. मिटत होती, उघडत होती... आणि तिला ते माहीतही नव्हतं.